हाकलायचं नाही, पण खेळूही द्यायचं नाही

भाचा पुण्याहून इकडे न्यू जर्सीत शिकायला आल्यापासून त्याच्या डोक्यात ब्लॅकजॅक, म्हणजे कॅसिनोतला पत्त्यांचा जुगार, शिरलंय. परवा फोनवर विचारतो, "मावशी, पत्ते मोजले तर पोलीस धरतात का गं?"

नाही रे बाबा. नुसत्या डोक्याने हिशेब ठेवणं हा गुन्हा नाही. दुर्री ते छक्की निघाली की एक मिळवायचा, दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का निघाला की एक वजा करायचा, सत्ती-अठ्ठी-नव्वी सोडून द्यायची. बेरीज चढली म्हणजे मोठी पानं अजून आत आहेत, ती खेळणाऱ्याच्या फायद्याची, तेव्हा पैसे वाढवून लावायचे. मात्र त्यासाठी एखादं यंत्र खिशात ठेवलंस तर लास वेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडात 1985 पासून तो फौजदारी गुन्हा आहे.

गुन्हा नाही म्हणून कॅसिनो गप्प बसतो असं मात्र नाही. लास वेगासमध्ये ती खासगी जागा. मॅनेजर गोड आवाजात सांगतो, ब्लॅकजॅक सोडून काहीही खेळा. फारच झालं तर पुन्हा पाऊल ठेवू नका म्हणून बजावतात आणि त्यानंतर गेलात तर अनधिकृत प्रवेशाचा गुन्हा. पण उगाच डांबून ठेवता येत नाही. जेम्स ग्रोजां नावाच्या खेळाडूने बेड्या घालून अडकवल्याबद्दल तिथल्या इंपीरियल पॅलेस कॅसिनोला कोर्टात खेचलं, प्रकरण 2009 मध्ये नेवाडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि त्याला भरपाई मिळाली.

आमच्या न्यू जर्सीतल्या कॅसिनोंच्या गावाची, अटलांटिक सिटीची तऱ्हा वेगळी. केन उस्टन हा पत्ते मोजणारा नावाजलेला खेळाडू. तिथल्या रिसॉर्ट्स इंटरनॅशनल कॅसिनोने त्याला 1979 मध्ये बाहेर काढलं, तो कोर्टात गेला आणि 1982 मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकला. लोकांसाठी दार उघडलंत तर मनाला येईल त्याला हाकलता येणार नाही, आणि खेळाचे नियम ठरवायचा अधिकार कॅसिनो आयोगाचा, तुमचा नव्हे, असं न्यायालयाने बजावलं. आयोगाने मग नियम केले, पण कॅसिनोच्या सोयीचे.

ते कसे चालतात हे मी शेजारच्या खुर्चीवरून पाहिलंय. एक अबोल गृहस्थ पंचवीस-पंचवीस डॉलर लावत होता, एकदम दोनशे लावले. सूटवाला सुपरवायझर आला, डीलरच्या कानाशी काहीतरी पुटपुटला आणि अर्धी पानं शिल्लक असताना आठही कॅट पिसायला घेतले, म्हणजे केलेली मोजणी वाया. पुन्हा तसंच झालं. मग त्याला सांगितलं, तुमच्यासाठी कमाल पंचवीस. माझ्या पलीकडच्या आजीबाई वैतागल्या, त्याही कॅसिनोवर नाही, त्या बिचाऱ्यावर!

मला विचाराल तर वेगासचा रोखठोकपणा परवडला. तिथे निदान सरळ 'निघा' म्हणतात. इथे खुर्ची तुमची, हक्क तुमचा, फक्त जिंकायची सोय ठेवलेली नाही, आणि वारंवार पिसण्यात बाकीच्यांचाही वेळ जातो. आपल्या महाराष्ट्राने तर कमालच केली. कॅसिनोचा कायदा 1976 साली केला, तो कधी लागूच केला नाही आणि 2023 मध्ये रद्द करून टाकला.

भाचेबुवांचा सराव जोरात सुरू आहे. इथे टेबलावर बसायला एकवीस पूर्ण लागतात आणि तो अजून एकोणीसचा आहे, हे ताईला कळवून टाकलंय.