स्टोक ब्रुअर्नचा बोट इन

इंग्लंडमध्ये नॉर्थॅम्प्टनशरमधल्या स्टोक ब्रुअर्न गावात कालव्याला अगदी चिकटून बोट इन नावाचा पब आहे, गवताने शाकारलेलं छप्पर, आणि १८७७ पासून वुडवर्ड घराण्याकडेच, म्हणजे आपल्याकडे पिढीजात खानावळ असते ना तसंच. पण इथे पब चालला कशामुळे तर कालव्यावरच्याच जवळच्या ब्लिसवर्थ बोगद्यामुळे असं मला वाटतं. बोगदा जवळजवळ २.८ किलोमीटरचा, १८०५ साली उघडला, तेव्हा बोट काठावरून चालणारा घोडा ओढायचा, आणि बोगद्याच्या आत घोड्याला चालायला वाटच नाही! मग घोडा सोडून टेकडीवरून पलीकडे न्यायचा आणि इकडे दोन माणसं फळीवर आडवी पडून भिंतीला पाय लावून लावून आख्खी भरलेली बोट ढकलत न्यायची, त्यांना लेगर म्हणायचे. मिट्ट काळोख, वरून पाणी ठिबकतंय. बाहेर आल्यावर घसा कोरडा पडणारच की हो! १८७१ च्या सुमारास दुसऱ्या बोटी ओढून नेणाऱ्या वाफेच्या टग बोटी आल्या नि हे काम संपलं.

आत स्किटल्सचं टेबल आहे, नऊ लाकडी खुंट्या नि त्या पाडायला लाकडाच्याच जाड चकत्या, ज्यांना ही मंडळी चक्क चीज म्हणतात. माझी पहिली चीज थेट भिंतीवर.