एकूण वजन पास, मागचा अ‍ॅक्सल नापास

मंडळी, काटा झाला, म्हणजे डबल केबिन पिकअप आणि तिच्या डाल्यात (मागच्या मालाच्या हौद्यात) सरकवून ठेवलेला आपला कॅम्पर, ते राहायचं खोकं, दोन्हींचं मिळून वजन झालं. ‘आधी रंग मार, वजन कुठे पळून जातंय’ म्हणणाऱ्यांसाठी आकडा आधीच टाकतो. पाणी, गॅस, भांडी, गाद्या, मी आणि सौ. धरून गाडी भरली २,६६० किलो. आरसीवर ग्रॉस, म्हणजे भरलेल्या गाडीची मर्यादा, २,७३५. म्हणजे ७५ किलो शिल्लक. पेढे आणायला निघालोच होतो, पण काट्यावर आहोतच तर म्हटलं, मागची चाकं वेगळी मोजून घेऊ. आणि तिथेच घोडं पेंड खायला बसलं.

काटा धरणगावकडच्या एका जिनिंगचा. कापसाचे दिवस, मागे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग आणि मध्ये आपलं पांढरं खोकं. काटेवाल्याने खिडकीतून डोकं काढून विचारलं, “काय भरेल शे, भाऊ?” मी म्हटलं, “घर शे.” त्याने खोक्याकडे खालून वर पाहिलं आणि पावतीवर मालाच्या रकान्यात ‘फर्निचर’ लिहून मोकळा झाला. पुढची चाकं काट्यावर, मागची बाहेर. मग पूर्ण गाडी. मग पुढची बाहेर आणि मागची काट्यावर. ही कवायत पाहून मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्न सोडायलाच तयार नव्हता.

पुढचा अ‍ॅक्सल ९५५. मागचा १,७१०. बेरीज २,६६५ येते, पूर्ण गाडीच्या पावतीपेक्षा पाच किलो जास्त. काट्याचं ताट आणि बाहेरचं काँक्रीट एका पातळीत नसलं की एवढा फरक पडतोच, त्यात डोकं घालू नका. डोकं घालायचं ते १,७१० मध्ये. बॉनेटखालच्या कंपनीच्या पत्र्यावर पुढच्या अ‍ॅक्सलची मर्यादा १,०८० आणि मागच्याची १,६५५ दिली आहे. एकूण वजनात पास झालेली गाडी मागच्या अ‍ॅक्सलवर ५५ किलोने जास्त.

गेल्या पोस्टखाली शहाद्याच्या आप्पांनी विचारलं होतं, ‘गाडी एक टनाची, कॅम्पर पाऊण टनाचा, मग अडचण काय?’ आप्पा, एक टन हा कागदावरचा हिशोब. ग्रॉस २,७३५ वजा आरसीवरचं रिकामं वजन १,७३५. त्या रिकाम्या वजनात ड्रायव्हर धरलेला नसतो. नंतर बसवलेला बंपर गार्ड नसतो, डाल्यातला रबरी गालिचा नसतो. माझी गाडी फुल डिझेल, आम्ही दोघं आत आणि डालं रिकामं अशी आधी मोजली होती तेव्हा १,९२५ आली होती: पुढे १,०४५, मागे ८८०. म्हणजे कॅम्परच्या वाट्याला ८१० किलो. भरलेला कॅम्पर, दोन्ही अ‍ॅक्सलच्या बेरजेने, ७४० चा. इथपर्यंत सगळं ठीकच होतं.

आता दोन्ही पावत्या शेजारी ठेवून बघा. पाऊण टन चढवल्यावर पुढचं वजन १,०४५ वरून ९५५ वर आलं. वाढणं सोडा, ९० किलोने कमी झालं! तेच ९० किलो मागच्या अ‍ॅक्सलवर जाऊन बसले, म्हणून ७४० चा कॅम्पर मागे ८३० किलोचा भरला. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते आणि जू वर उचललं जातं, अगदी तसंच. डबल केबिनचं डालं आखूड, त्याचा बराचसा भाग अ‍ॅक्सलच्या मागे, आणि आपलं खोकं डाल्याच्याही बाहेर आलेलं.

या दोन पावत्यांवरून कॅम्परचा गुरुत्वमध्य घरबसल्या काढता येतो, दोरीला टांगायची गरज नाही. पुढून उडालेले किलो गुणिले व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर), भागिले कॅम्परचं वजन. माझा व्हीलबेस ३ मीटर धरला तर ९० गुणिले ३०० भागिले ७४०, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलच्या साडेछत्तीस सेंटीमीटर मागे. असायला हवा तो अ‍ॅक्सलच्या वर, खरं तर थोडा पुढेच. अमेरिकेत असा स्लाइड-इन कॅम्पर बनवणाऱ्याला वजन लेबलवर आणि गुरुत्वमध्य कुठे आहे ते सोबतच्या पुस्तिकेत द्यावं लागतं, आणि तो कुठून कुठपर्यंत चालेल ते पिकअप बनवणाऱ्या कंपनीला सांगावं लागतं. तिकडचे व्हिडिओ आपण सगळे बघतो, स्वयंपाकाचे ओटे आणि दिवे मोजतो, हे लेबल आणि ही पुस्तिका मात्र कुणी बघत नाही. माहितीपत्रकात छापलेलं ‘ड्राय’ वजनही पाणी, बॅटरी आणि तुमचे डबे सोडून असतं.

पुढचं हलकं झाल्याचा पुरावा मला काट्याआधीच मिळाला होता. रात्री पारोळ्याकडून येताना समोरचे सगळे डिपर मारत होते, लाईट खाली असताना. मागचं बूड बसलेलं, नाक वर, झोत थेट त्यांच्या डोळ्यांत. स्टिअरिंगही लोण्यासारखं हलकं लागत होतं. सपाट रस्त्यावर ते बरं वाटतं. कन्नडचा घाट उतरताना याच पुढच्या चाकांनी ब्रेकचा बहुतेक भार घ्यायचा असतो.

आता पाट्यांचा, म्हणजे मागच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांचा विषय. अजिंठा चौफुलीवरच्या मिस्त्रींपासून माझ्या मेहुण्यापर्यंत सगळ्यांचा एकच सल्ला: “एक पाटा वाढव, विषय संपव.” सोबत ठरलेलं उदाहरण, रावेरचे केळीवाले याच गाड्यांत किती भरतात बघ! भाऊंनो, त्यांची केळी तासा-दोन तासांत उतरतात. आपलं ओझं कायमचं, उंच आणि वळणावर डुलणारं. पाटा वाढवला की बूड वर येईल, गाडी फोटोत सरळ दिसेल. पण १,७१० चे १,६५५ होणार नाहीत. हाउसिंग तेच, बेअरिंग तेच, टायर तेच, ड्रम तेच. पुढून उडालेले ९० किलो परत येणार नाहीत.

शिवाय एक गोष्ट मला कुठल्याही मिस्त्रीने सांगितली नाही, गाडीखाली आडवा होऊन बघितल्यावर दिसली. मागच्या अ‍ॅक्सलपासून चासीवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत बारीक सळई जाते. एलएसपीव्ही. चासी आणि अ‍ॅक्सल यांच्यातलं अंतर बघून तो ठरवतो की गाडी भरलेली आहे की रिकामी, आणि त्याप्रमाणे मागच्या ब्रेकला दाब सोडतो. पाटा घालून चासी उचलली की भरलेली गाडी त्याला रिकामी वाटणार, आणि मागचे ब्रेक नेमके हवे तेव्हा कमी लागणार. ज्यांनी ज्यांनी पाटे वाढवलेत त्यांनी ही सळई आज बघाच. माझ्या सळईचा बुश चिखलाने जाम होता. डिझेलने धुऊन मोकळा केला आणि खरं सांगतो, या आठवड्यातलं सगळ्यात समाधानाचं काम तेच.

टायरचंही एकदा बघून टाका. साइडवॉलवर मापाच्या पुढे जो आकडा असतो तो लोड इंडेक्स. १०४ म्हणजे एका टायरला ९०० किलो, ९९ म्हणजे ७७५. माझे १०४ चे, जोडीला १,८००, अ‍ॅक्सलपेक्षा जास्त, झोप लागते. ग्रुपमधल्या एकाने धुळ्यात नक्षीवर भाळून ९९ चे घेतलेत. जोडीला १,५५० होतात, अ‍ॅक्सलच्या मर्यादेपेक्षाही खाली. दादा, रागावू नका, पण कॅम्पर चढवायच्या आधी ते बदला. आणि हवा सकाळी, गाडी हलायच्या आधी मोजायची. मे महिन्यात भुसावळच्या रस्त्यावर तापलेल्या टायरची हवा ‘वाढली’ म्हणून सोडणारे पाहिलेत मी.

तर उपाय वजन पुढे सरकवण्याचा. पहिला नंबर पाण्याच्या टाकीचा. ७० लिटर, म्हणजे ७० किलो, मागच्या दाराजवळ, अ‍ॅक्सलच्या ९० सेंटीमीटर मागे. ती केबिनकडच्या भिंतीला लावली तर अ‍ॅक्सलच्या ३० सेंटीमीटर पुढे येते. १२० सेंटीमीटरची हलवाहलव, ७० किलो, भागिले ३ मीटर: मागून २८ किलो कमी, एक ग्रॅम न टाकता. पाइप तेवढा लांबेल.

दुसरी बॅटरी. ट्युब्युलर, १५० अँपिअर-अवर, ५५ किलो. चार्जिंगला गॅस सोडते म्हणून झोपायच्या जागेपासून लांब, मागच्या हवेशीर पेटीत ठेवली होती. ती पेटी अ‍ॅक्सलच्या ८० सेंटीमीटर मागे, त्यामुळे मागच्या अ‍ॅक्सलला ती ७० किलोची भासते. त्याऐवजी १०० ची लिथियम फॉस्फेट घेतली तर बारा किलोच्या आसपास. ट्युब्युलर अर्ध्याच्या खाली उतरवायची नाही, लिथियम ८० टक्के वापरता येते, त्यामुळे हातात येणारी वीज जवळजवळ तेवढीच. ती पुढच्या भिंतीजवळ ठेवली की मागून आणखी ५९ किलो गेले. फक्त आपल्याकडच्या उन्हात तापणाऱ्या पत्र्याला टेकवून ठेवू नका. किमतीबद्दल सौ.शी बोलणी चालू आहेत.

दोन्ही केलं की मागे १,६२३. मर्यादेच्या आत, पण जेमतेम ३२ किलो. गतिरोधकावर आपटल्यावर काय होतं ते काट्याच्या पावतीत येत नाही, म्हणून एवढ्या फटीवर तोरणमाळला जायची माझी तयारी नाही. इथवर लिहून थांबलो होतो आणि ओट्याचा सरकता ड्रॉवर काढून टाकायचं ठरवत होतो.

पण हिशोब टाइप करताना दुसरंच सुचलं. जळगावहून ७० लिटर पाणी वाहून न्यायचंच कशाला? वाटेत प्रत्येक गावात पाणी आहे. ४० लिटर पुरे. आणि ते तरी कॅम्परमध्ये कशाला? २० लिटरचे दोन जार केबिनमध्ये मागच्या सीटच्या पायाशी, पट्ट्याने आवळून. ती जागा अ‍ॅक्सलच्या सव्वा मीटर पुढे, खालच्या पातळीला. लिथियम धरून हिशोब परत मांडला: मागे १,५८४ च्या आसपास, एकूण २,५९२. सत्तर किलोची मोकळीक! छोटा पंप आणि जाळीचा पाइप केबिनमधून मागे कसा न्यायचा एवढाच प्रश्न उरतो. चासीला किंवा केबिनला भोक पाडणार नाही. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्याबद्दल २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आल्यापासून मी त्या वाटेला जात नाही. बहुतेक मागच्या सरकत्या काचेतून, आणि मुक्कामालाच जोडायचा. म्हणजे टाकीसाठी केलेली ती देखणी अँगलची चौकट भंगारात. जाऊ दे, तिचेही सहा किलो होते.

बाकी बातम्या थोडक्यात. छताची गळती थांबली. सिलिकॉन काढून ब्युटाइल टेप लावली, वर स्क्रूच्या डोक्यांवर तीच. पलंगाची फळी १८ मिमीवरून १२ मिमीची केली, खाली दोन आडव्या पट्ट्या दिल्या, दोघं झोपून पाहिलं, करकरत नाही. आठ बाय चारच्या एका शीटमागे दहा-बारा किलो वाचतात. प्लायवाल्याचं मात्र काय सांगावं! ‘एकदम हलका माल’ म्हणून दिलेलं १८ मिमीचं शीट घरच्या काट्यावर ३८ किलो भरलं. आयएस ७१०चा शिक्का असलेलं मरीन प्लाय जड असणारच, ते मान्य, पण मग हलकं म्हणून विकू नये ना. यापुढे दुकानात जाताना लगेज मोजायचा हुकवाला काटा खिशात.

पुढचा बेत: लिथियम आली की परत त्याच जिनिंगच्या काट्यावर, दुपारी, ट्रॅक्टर कमी असताना. आकडे जमले तर दत्त जयंतीला सारंगखेड्याची यात्रा. दोंडाईचाकडून सपाट रस्ता आहे, टायर आणि ड्रम हात लावून बघता येतील. तोरणमाळचा घाट त्यानंतरच.

तोवर एक काम करा. सिंगल केबिनवर कॅम्पर ठेवणाऱ्यांपैकी कुणी पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वेगळा मोजला असेल तर दोन्ही पावत्यांचे आकडे आणि व्हीलबेस खाली टाका. लांब डाल्यात गुरुत्वमध्य किती पुढे येतो ते बघायचंय. भुसावळात एक सिंगल केबिन विकायला आहे, आणि सौ.ला अजून सांगितलेलं नाही.