जुनी एकही लिंक न मोडता ॲप्लिकेशन फ्लास्कमध्ये हलवताना

पुस्तकांच्या सूचीचं एक जुनं वेब ॲप्लिकेशन फ्लास्कमध्ये (पायथन भाषेतलं फ्रेमवर्क, म्हणजे वेब ॲप्लिकेशनचा तयार सांगाडा) नव्याने लिहायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा वापरणाऱ्यांची अट एकच होती: जुनी लिंक कुठेही असली तरी ती उघडली पाहिजे. लोकांनी त्या लिंका बुकमार्क केल्या होत्या, ईमेलमधून पाठवल्या होत्या, छापील यादीतही दिल्या होत्या. राउटिंग, म्हणजे कुठल्या पत्त्यासाठी कोणतं फंक्शन चालवायचं हे ठरवणं, हा भाग शिकताना आपण पहिल्या दहा मिनिटांत उरकून टाकतो. या अटीमुळे तोच माझ्या कामाचा मुख्य भाग झाला, आणि फ्रेमवर्कबद्दल जे काही मला खऱ्या अर्थाने कळलं ते याच भागातून कळलं.

पानं लिहायला घेण्याआधी मी रिक्वेस्ट, म्हणजे ब्राउझरकडून सर्व्हरकडे येणारी मागणी, जशी येते तशी बघून घेतली. कर्ल या कमांड-लाइन साधनाला '-व्ही' पर्याय दिला की काय गेलं आणि काय आलं ते ओळीओळीने दिसतं. पहिल्या ओळीत मेथड ('गेट', 'पोस्ट' अशी मागणीची रीत), पाथ (पत्त्यातला साइटच्या नावानंतरचा भाग) आणि एचटीटीपी या प्रोटोकॉलची आवृत्ती, मग हेडर (सोबतच्या माहितीच्या ओळी), मग एक रिकामी ओळ, त्यानंतर असलाच तर मजकूर. १९९१ सालच्या एचटीटीपी ०.९ मध्ये तर अख्खी रिक्वेस्ट म्हणजे 'गेट' आणि पाथ एवढी एकच ओळ होती. हेडर नाहीत, स्टेटस कोड (उत्तराचा निकाल सांगणारे आकडे) नाहीत. १९९६च्या १.० मध्ये ते सगळं नोंदलं गेलं, आणि १.१ मध्ये होस्ट हेडर सक्तीचा झाला, कारण तोवर एकाच आयपी पत्त्यावर अनेक साइट राहू लागल्या होत्या. होस्ट नसलेल्या १.१ रिक्वेस्टला सर्व्हरने ४०० (चुकीची रिक्वेस्ट) द्यायचं असतं.

राउटरला यातलं फार थोडं लागतं: मेथड, पाथ आणि कधीकधी होस्ट. प्रश्नचिन्हानंतरचा भाग तो राउट निवडताना बघतच नाही. '#' नंतरचा भाग तर ब्राउझरमधून बाहेरच पडत नाही. माझ्या जुन्या लिंकांपैकी बऱ्याच '/दाखवा.पीएचपी?आयडी=४२#आवृत्त्या' अशा होत्या, त्यामुळे या दोन्ही गोष्टी माझ्यासाठी मोलाच्या ठरल्या. '/दाखवा.पीएचपी' एवढा एकच राउट ठेवायचा, हँडलरमध्ये (त्या राउटसाठी चालणाऱ्या फंक्शनमध्ये) आयडी वाचायचा आणि '/पुस्तके/४२' कडे रिडायरेक्ट करायचं, म्हणजे ब्राउझरला त्या पत्त्यावर पाठवायचं. '#आवृत्त्या' चं काय, ही काळजी होती. पण रिडायरेक्टच्या लोकेशन हेडरमध्ये स्वतःचा '#' भाग नसेल, तर ब्राउझरने मूळ पत्त्यातला तो भाग पुढे न्यावा, असं प्रमाणकच सांगतं. नव्या पानावर त्या नावाची खूण ठेवली आणि काम झालं. सर्व्हरच्या लॉगमध्ये कधीच न दिसणारी गोष्टही अशी टिकवता येते.

फ्लास्कच्या खाली डब्ल्यूएसजीआय आहे, म्हणजे पायथनमध्ये सर्व्हर आणि ॲप्लिकेशन यांना जोडणारा ठराविक संकेत. सर्व्हर रिक्वेस्टची एक डिक्शनरी (नावं आणि त्यांची मूल्यं) करतो आणि ॲप्लिकेशनला देतो. पाथ त्यात 'पाथ_इन्फो' या नावाने येतो, आणि तो आधीच डिकोड झालेला असतो. यातला बारकावा महत्त्वाचा आहे. पत्त्यातली तिरकी रेघ टक्केवारीच्या चिन्हाने एन्कोड करून पाठवली, तरी राउटरपाशी पोचेपर्यंत ती साधी तिरकी रेघ झालेली असते. विभाजक कुठला आणि मूल्याचा भाग कुठला, हे तिथे ओळखता येत नाही. आमच्या सूचीतल्या काही सांकेतिक क्रमांकांमध्येच तिरकी रेघ होती. त्यासाठी मी 'पाथ' कन्व्हर्टर वापरला; कन्व्हर्टर म्हणजे पत्त्यातला बदलता भाग ओळखून त्याचं मूल्य करणारा नियम. तो तिरक्या रेघाही सामावून घेतो. मात्र असा भाग पत्त्याच्या शेवटीच ठेवावा असं माझं ठाम मत झालं आहे. मध्ये ठेवला तर मूल्य कुठे संपतं आणि पुढचा शब्द कुठे सुरू होतो, हा वाद पुन्हा उभा राहतो.

मग आला क्रमाचा प्रश्न. '/पुस्तके/नवीन' आणि '/पुस्तके/<आयडी>' हे दोन राउट शेजारी असतील तर 'नवीन' हा शब्द आयडी समजला जाईल का? उत्तर फ्रेमवर्कगणिक बदलतं. जावास्क्रिप्टमधलं एक्सप्रेस राउट नोंदवलेल्या क्रमाने तपासतं. पायथनमधलंच जँगोही यादी वरून खाली वाचतं आणि पहिला जुळेल तो घेतं. रुबी भाषेतल्या रेल्समध्येही क्रम महत्त्वाचा, पण 'रिसोर्सेस' लिहिलं की ते स्वतःच 'नवीन'चा राउट आधी ठेवतं. फ्लास्कचं राउटिंग वर्कझोइग ही लायब्ररी करते, आणि ती लिहिण्याच्या क्रमावर विसंबत नाही: स्थिर शब्दाचा भाग बदलत्या भागाच्या आधी तपासला जातो. गो भाषेच्या प्रमाण लायब्ररीत २०२४च्या १.२२ आवृत्तीपासून अधिक नेमका पॅटर्न जिंकतो, आणि दोन पॅटर्नमध्ये कोण अधिक नेमका हे ठरत नसेल तर नोंदणीच्या वेळीच प्रोग्राम थांबतो. हे शेवटचं मला सगळ्यात आवडतं. दोन पत्त्यांमधली संदिग्धता वापरकर्त्याच्या रिक्वेस्टवर उघडी पडण्यापेक्षा सुरुवातीलाच उघडी पडलेली केव्हाही बरी.

वर्कझोइग क्रमाची काळजी घेत असूनही मी राउट फंक्शनांच्या डोक्यावर डेकोरेटर ('@' ने सुरू होणारी ओळ) म्हणून लिहिले नाहीत. 'ॲड_यूआरएल_रूल' वापरून सगळे एका फाइलमध्ये, एकाखाली एक ठेवले. डेकोरेटर लिहायला सुटसुटीत आहेत आणि नवं काम सुरू करताना मीही तेच वापरतो. पण जिथे पत्ते हाच बाहेरच्या जगाशी असलेला करार आहे, तिथे तो करार एका जागी सलग वाचता आला पाहिजे. 'फ्लास्क राउट्स' ही आज्ञा यादी छापून देते, '--सॉर्ट मॅच' दिलं तर ज्या क्रमाने तपासणी होते त्या क्रमाने देते. मी ती उपयोगात आणलीच. तरीही आपल्या हाताने गटवार मांडलेली, शेजारी कारण लिहिलेली यादी वाचणं वेगळं.

ती यादी तयार झाल्यावर एकही पान न लिहिता मी तिची परीक्षा घेतली. या कामातला हा टप्पा मी प्रत्येकाला सुचवेन. जुन्या सर्व्हरच्या लॉगमधून मेथड आणि पाथ वेगळे काढले, पुनरावृत्ती गाळली, पाथ डिकोड केले आणि एकेक करून 'यूआरएल_मॅप' ला (फ्लास्कमधल्या सगळ्या राउटांच्या यादीला) बांधलेल्या ॲडाप्टरच्या 'मॅच' फंक्शनला दिले. ते हँडलर चालवत नाही. कुठला राउट लागला आणि कुठली मूल्यं निघाली एवढंच सांगतं. जुळला नाही तर 'नॉटफाउंड', पाथ जुळला पण मेथड नाही तर 'मेथडनॉटअलाउड', आणि शेवटच्या तिरक्या रेघेपायी पत्ता बदलावा लागणार असेल तर 'रिक्वेस्टरिडायरेक्ट'. लोकांनी प्रत्यक्ष मागितलेला प्रत्येक पत्ता असा नव्या यादीतून गेला. लॉगमध्ये अशा वाटा सापडल्या ज्या कुठल्याही दस्तऐवजात नव्हत्या: छपाईसाठीची पानं, दुसऱ्या प्रोग्रामांनी नेमाने मागवलेल्या फाइली, कधीकाळी बंद केलेला शोध.

शेवटच्या तिरक्या रेघेचा नियम इथेच पक्का समजला. फ्लास्कमध्ये राउट '/पुस्तके/' असा लिहिला आणि रिक्वेस्ट '/पुस्तके' अशी आली, तर ३०८ने (कायमच्या रिडायरेक्टचा कोड) रिडायरेक्ट होतं. उलट राउट रेघेविना लिहिला आणि रिक्वेस्ट रेघेसह आली, तर सरळ ४०४ (सापडलं नाही). यादीची पानं रेघेसह, एकेका पुस्तकाचं पान रेघेविना, असा एकच नियम मी सगळीकडे लावला.

४०४ आणि ४०५ यांतला फरक बरेच जण किरकोळ मानतात. मला तो सौजन्याचा भाग वाटतो. ४०४ म्हणजे असं काही इथे नाही. ४०५ म्हणजे ते इथे आहे, पण या मेथडने मिळणार नाही, आणि सोबत 'अलाउ' हेडरमध्ये कोणत्या मेथड चालतील ते सांगणं बंधनकारक आहे. दुसऱ्या टोकाला प्रोग्राम लिहीत बसलेल्या माणसाला त्या एका हेडरने तासभर वाचतो. फ्लास्क हे आपोआप करतं. 'गेट' लिहिलं की 'हेड' आणि 'ऑप्शन्स' यांचीही सोय तेच लावतं. मात्र जिथे हँडलरमध्येच मेथड तपासून आपण परस्पर ४०४ देतो, तिथे ही सगळी सोय आपण घालवून बसतो. म्हणून मेथडची निवड मी हँडलरमधून पूर्ण काढून राउटवर नेली.

आता देवनागरीबद्दल. नव्या पत्त्यांत पुस्तकाचं नाव यावं अशी मागणी होती, आणि ती मला मनापासून पटली; आपल्या लिपीतला पत्ता ॲड्रेस बारमध्ये वाचता येतो. तारेवरून जाताना मात्र 'क' या एका अक्षराचे यूटीएफ-८ या अक्षरं बाइटमध्ये मांडण्याच्या पद्धतीत तीन बाइट आणि एन्कोड झाल्यावर नऊ चिन्हं होतात, त्यामुळे लांब नावं छाटावी लागली. त्याहून अवघड निघाला 'दुसऱ्या' मधला 'ऱ'. तो एकाच युनिकोड चिन्हाने लिहिता येतो, किंवा 'र' आणि खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनी. पडद्यावर दोन्ही सारखेच, राउटरच्या लेखी दोन वेगळे पत्ते. युनिकोडच्या एनएफसी पद्धतीने सामान्यीकरण केलं, म्हणजे अशा पर्यायी रूपांना एकच रूप दिलं, की हे दोन एक होतात. पण काही कीबोर्ड हेच जोडाक्षर 'र', हलन्त आणि न दिसणारं शून्य-रुंदीचं जोडचिन्ह अशा तिसऱ्या रीतीने लिहितात, आणि ते एनएफसीने जुळत नाही. त्यासाठी अदलाबदलीचा वेगळा नियम लिहावा लागला. म्हणून पत्ता '/पुस्तके/४२/नाव' असा ठेवला: पुस्तक शोधायचं ते आयडीवरून, नाव वाचणाऱ्यासाठी. नाव जुळलं नाही तर योग्य पत्त्याकडे रिडायरेक्ट.

आयडीचे आकडेही लक्ष देण्यासारखे निघाले. छापील यादीत क्रमांक देवनागरी आकड्यांत होते, आणि कोणी ते तसेच टाइप करणं साहजिक आहे. वर्कझोइगच्या 'इंट' कन्व्हर्टरचा पॅटर्न कुठलाही दशमान आकडा स्वीकारणारा आहे. पायथनमध्ये त्यात देवनागरी आकडेही बसतात आणि त्यांचं रूपांतरही बिनबोभाट होतं. जँगोचा 'इंट' कन्व्हर्टर मात्र शून्य ते नऊ हे इंग्रजी आकडेच घेतो. फ्लास्कचं हे वागणं मला हवंच होतं. फक्त एका पुस्तकाचे दोन पत्ते होऊ नयेत म्हणून तेही इंग्रजी आकड्यांच्या पत्त्याकडे रिडायरेक्ट केले.

फॉर्मच्या बाबतीत रिडायरेक्टचा क्रमांक विचारपूर्वक निवडावा लागतो. ३०१ (कायमचा रिडायरेक्ट) आणि ३०२ (तात्पुरता) मिळाल्यावर ब्राउझर 'पोस्ट' चं 'गेट' करत आले आहेत, आणि प्रमाणकानेही ऐतिहासिक कारणासाठी ते मान्य केलं आहे. ३०७ आणि ३०८ मध्ये मेथड आणि मजकूर तसाच राहतो. म्हणून दुसरे प्रोग्राम ज्या जुन्या पत्त्यांवर 'पोस्ट' करत होते, तिथे ३०८. फॉर्म यशस्वीपणे जतन झाल्यावर मात्र ३०३: आता 'गेट' नेच पुढचं पान घे, हे तो स्पष्ट सांगतो, आणि पान रिफ्रेश केल्यावर तीच नोंद दुसऱ्यांदा होत नाही. फ्लास्कच्या ३.१पर्यंतच्या आवृत्त्यांत 'रिडायरेक्ट' फंक्शन काही न सांगितल्यास ३०२ देतं, त्यामुळे ३०३ आवर्जून लिहावा लागतो.

मजकूर वाचण्यात विशेष अडचण नव्हती. साधा फॉर्म 'रिक्वेस्ट.फॉर्म' मधून, जेसन (प्रोग्रामांनी माहिती पाठवायचं मजकुरी रूप) 'गेट_जेसन' मधून. कंटेंट-टाइप (मजकुराचा प्रकार सांगणारा हेडर) चुकीचा असेल तर फ्लास्कच्या आताच्या आवृत्त्या ४१५ (हा प्रकार चालत नाही) देतात, तो तसाच बाहेर जाऊ दिला.

पत्त्यांची ती चाचणी मी कोडबरोबरच ठेवली आहे. कोणी नवा राउट घातला की लॉगमधून काढलेली जुनी यादी पुन्हा सगळी तपासली जाते, आणि एखाद्या पत्त्याचं उत्तर बदललं तर बदल तिथेच अडतो. मुद्दाम काढून टाकलेल्या पानांसाठी ४१० ठेवला. ते गेलं आहे आणि परत येणार नाही, एवढं तरी मागणाऱ्याला कळावं.

बाकी राहिला ३०१. तो ब्राउझर साठवून ठेवू शकतो आणि पुढच्या वेळी सर्व्हरला न विचारताच नव्या पत्त्यावर जाऊ शकतो. ३०२ मात्र वेगळी सूचना नसेल तर साठवला जात नाही. म्हणून नवं ॲप्लिकेशन सुरू केल्यावर 'गेट' चे सगळे जुने पत्ते आधी ३०२ वर ठेवले. लॉगमधले ४०४ रोज वाचले, राहिलेल्या वाटा यादीत भरल्या, आणि एकेक गट स्थिरावत गेला तसा तो ३०१ वर नेला. छपाईच्या पानांचा गट अजून ३०२ वरच आहे, कारण त्यांची नवी मांडणी ठरायची आहे.