पुनवेची ओहोटी आणि आमचं अंदमान

अंदमानला जायचं ठरलं तेव्हा एजंटने सहा दिवसांचा प्लॅन व्हॉट्सअॅपवर पाठवला, त्यात सेल्युलर जेल, हॅवलॉक आणि नील ही बेटं, सगळं तासा-तासाचं लिहिलेलं, पण भरती-ओहोटीचा कुठे एक शब्द नाही. मलाही ते सुचलं नव्हतं. आम्ही कोल्हापूरची माणसं, पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर गेली ते तासातासाला बघू, पण समुद्राच्या पाण्यालाही टाइमटेबल असतं हे कोण लक्षात ठेवतो.

ते सांगितलं मामाने. आईचं माहेर मालवणकडचं, मामाने जन्मभर होडी चालवली. पोरीला, ती सहावीत आहे, प्रवाळ आणि त्यातले जीव बघायचेत असं मी फोनवर सहज बोलले तर तो म्हणाला, "मगे पुनवेक जावा. अष्टमीक गेलास तर काय गावचा नाय." म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, तेव्हा भरती जेवढी वर चढते तेवढीच ओहोटीही खाली उतरते आणि एरवी पाण्याखाली असणारा खडक उघडा पडतो, अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी धड चढत नाही की उतरत नाही. मी लगेच भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, पौष पौर्णिमा बघितली आणि एजंटला सांगून सगळ्या तारखा चार दिवस पुढे ढकलल्या, नीलला पौर्णिमेदिवशीच पोचायचं असं बसवलं. हे कुरकुरले, रजा परत मंजूर करून घ्यावी लागणार होती ना.

बाराटांग बेट मात्र आम्ही प्लॅनमधून काढून टाकलं. तिकडची चुनखडीची गुहा आणि खाडी सुंदर आहे म्हणतात, पण तो रस्ता जारवा या तिथल्या आदिवासी लोकांच्या राखीव जंगलातून जातो, जिरकाटांगच्या चेकपोस्टवरून गाड्यांचा ताफा सोडतात, फोटो काढायचे नाहीत, थांबायचं नाही असे नियम आहेत. नियम पाळले तरी कुणाच्या घरातून रोज शेकडो गाड्या नेणं मला पटेना, त्यांच्यात आपली एक कशाला. ज्यांना जायचंय त्यांनी जावं, नियम मात्र काटेकोर पाळा.

तिकिटांचं थोडक्यात सांगते. कोल्हापूरहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने बेंगलोर आणि तिथून विमान, पोर्ट ब्लेअरला आता श्री विजयपुरम म्हणतात. बेटांमधल्या बोटी सीझनला फुल होतात म्हणून त्या आधीच काढाव्या लागल्या. वंडूरच्या सागरी राष्ट्रीय उद्यानातल्या जॉली बॉय बेटासाठी वनखात्याचं परमिट लागतं, सोमवारी बंद असतं, आणि एकदाच वापरायचं प्लास्टिक न्यायला सक्त मनाई. मला हे फार आवडलं, आपल्याकडे पन्हाळ्यावर एवढं काटेकोर असतं तर!

हॅवलॉकला पोचलो, त्याचं नाव २०१८ पासून स्वराज द्वीप. तिथल्या किनाऱ्याचं नाव राधानगर आणि आम्ही राधानगरीच्या जंगलात वाढलेले, हे ऐकून पोरगी दिवसभर हसत होती. पण जंगल आपल्या दाजीपूरसारखं अजिबात नाही. दाजीपुरात गव्याच्या, बिबट्याच्या भीतीने कान टवकारून चालायची सवय, इथे वाघ-बिबट्या असलं काहीच नाही, जंगलात मोठा शिकारी सस्तन प्राणीच नाही, त्यामुळे नजर सगळी वर झाडांकडे जाते. एलिफंट बीचला आम्ही बोटीने न जाता जंगलातून चालत गेलो, गाइड घेऊन. मोठमोठी झाडं, बुंध्याला भिंतीसारखी आधारमुळं, पोरगी त्या दोन मुळांच्या बेचक्यात उभी राहिली तर दिसेनाशीच झाली. आणि अंदमानचा काळा सुतार पक्षी, लाल तुऱ्याचा, जगात फक्त याच बेटांवर सापडतो, तो आमच्या डोक्यावर ठाक ठाक करत होता आणि साल खाली पडत होती. आम्ही पंधरा मिनिटं जागचे हललो नाही.

शेवटच्या टप्प्यात कांदळवन लागलं, तिथे सकाळी गुडघाभर पाणी, चपला हातात घेऊन गेलो. दुपारी एकला परत फिरलो तर त्याच वाटेवर नुसता चिखल, तिवरांची मुळं सगळी उघडी आणि चिखलात उड्या मारणारे निवट्या मासे. सकाळी आपण यांच्यावरून चालत गेलो असं पोरगी म्हणाली. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

कारण नीलला मी फसले. तारीख बरोबर होती, वेळ चुकली होती. एजंटने नॅचरल ब्रिज, म्हणजे किनाऱ्यावरची दगडी कमान, सकाळी नऊला ठेवलेलं आणि मी ते तपासलंच नाही, पौर्णिमेदिवशी ऐन भरतीत आम्ही तिथे उभे, खडक सगळा पाण्याखाली, लाटा पार दगडी कमानीला लागलेल्या. दुपारची परतीची बोट बुक होती. रिक्षावाला म्हणाला, तीन बजे आओ, सब दिखेगा. मी किनाऱ्यावर बसून ह्यांना म्हटलं, बोट सोडून देऊ. तिकिटाचे पैसे गेले, रात्रीची खोली शोधावी लागली, आणि एवढा तारखेचा खटाटोप करून घड्याळ विसरले याचं मला खूप वाईट वाटलं. हे काही बोलले नाहीत, शहाळी घेऊन आले.

तीनला परत गेलो तर समोरचं सगळं बदललेलं. जिथे लाटा होत्या तिथे लांबच लांब खडकाचं पठार आणि त्यात पाण्याची छोटी छोटी डबकी. तिथला एक बंगाली काका आमच्याबरोबर आला, नीलवर बंगालमधून आलेली निर्वासित कुटुंबं साठच्या दशकात वसवली, त्यातलाच. त्याने पहिली गोष्ट शिकवली ती पाय कुठे ठेवायचा, मेलेल्या राखाडी दगडावर ठेवायचा, रंगीत दिसतंय ते जिवंत आहे, त्यावर नाही. काळ्या समुद्रकाकड्या, काकडीच्या आकाराचे जीव ते, पडल्या होत्या, निळे मासे डबक्यात अडकलेले, भरतीची वाट बघत. आणि एका फटीत मोठा शिंपला, त्याचे ओठ निळे-हिरवे, मखमलीसारखे, वर ठिपके. पोरगी वाकली, तिची सावली त्याच्यावर पडली आणि त्याने झटकन अंग आत ओढलं, ती मागे सरकली तसा दोन मिनिटांनी हळूच परत उघडला. हात लावलाच नव्हता, नुसती सावली. ती त्यानंतर सूर्याकडे तोंड करून, सावली मागे पडेल अशीच चालायला लागली, कुणी सांगितलं नाही तिला.

एक रिकामा शंख तिने उचलला होता. काका म्हणाला ठेव, शंखखेकड्याला घर लागतं, शिवाय एअरपोर्टवर बॅगेत सापडला तर काढून घेतात. तिने होता तिथेच ठेवला. जानेवारीत तिथे सव्वापाचलाच सूर्य बुडतो, आणि पाणी त्याआधीच परत फिरलं होतं, डबकी एकेक करून समुद्राला मिळत होती, काकाने आम्हाला किनाऱ्याकडे चला चला करत बाहेर काढलं.

रात्री रेंज मिळाल्यावर मामाला फोन लावला. बोट चुकली, पैसे गेले, हे सगळं सांगायला लागले तर त्याने मधेच थांबवलं, "ता ऱ्हवांदे. पाणी खंयपर्यंत गेलेला?" पोरीने फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, कमानीपासून दोनशे चाळीस पावलं, आजोबा, मी मोजली.