पदरावरची रेघ

आमच्या घरात जेवणाचे टेबल आणि माझ्या कामाचे टेबल एकच आहे. सांगलीच्या विश्रामबागेतल्या तीन खोल्यांच्या घरात दुसऱ्या टेबलाला जागा नाही, आणि खरे सांगायचे तर गेल्या चौदा वर्षांत मी ती फारशी शोधलीही नाही. सकाळी डबे भरून झाले, टेबल आधी ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसले, की त्यावर जुनी पांढरी चादर पसरायची, रिंग, दोऱ्यांचा डबा आणि चष्मा मांडायचा, आणि संध्याकाळी कणीक मळायच्या आधी सगळे उचलून कपाटावर ठेवायचे, असा क्रम ठरलेला आहे. जुन्या साड्यांचे तुकडे, कापडावर उतरवलेली पत्रे आणि फोटो, बटणे, असे जे हाती येईल ते भरतकामाने एकत्र बांधून मी भिंतीवर लावायचे फलक करते. या कामाला हल्ली 'मिश्र माध्यम' म्हणतात. सासूबाई मात्र त्याला 'तुझी वाकळ' म्हणतात, आणि धावदोरा मी त्यांच्याच हाताखाली शिकले असल्यामुळे ते नाव मुकाट्याने ऐकून घेते.

गेल्या वर्षी जानेवारीत गावभागातल्या एक काकू माझ्याकडे आल्या. त्यांच्या मुलाने नवा फ्लॅट घेतला होता, महिन्याभरावर वास्तुशांत होती, आणि नव्या दिवाणखान्यासाठी आपल्या आईची आठवण म्हणून त्यांना काही करून हवे होते. पिशवीतून त्यांनी आईच्या हातची दोन पोस्टकार्डे, चोळीची चार चांदीची बटणे आणि सर्वांत शेवटी एक इरकल साडी काढली. काठ काळा, अंग गडद निळे, पदर लाल रेशमाचा, आणि पदराच्या अलीकडे आईने स्वतः काढलेला कशिदा. मूळ धारवाडकडचा हा प्रकार कृष्णेच्या अलीकडे-पलीकडे माहेर-सासर असलेल्या बायकांनी इकडे आणला आणि आपलाच केला. त्यात कापडावर आधी नक्षी छापत नाहीत. कापडाचे धागे मोजत मोजत गोपूर, रथ, तुळशीवृंदावन काढत जायचे असते. गवंती टाका तर उलटसुलट दोन्ही बाजूंनी सारखा दिसावा लागतो. मी सवयीने कापड उलटे करून पाहिले. काकूंच्या आईने एकही गाठ मारलेली नव्हती.

परंतु ती साडी पुरात भिजलेली होती. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ 57 फुटांच्या वर गेले, तेव्हा काकूंच्या तळमजल्यावरच्या कपाटात ती हँगरवर घडी घालून टांगलेली होती आणि तिचा खालचा भाग गढूळ पाण्यात काही दिवस राहिला. पाणी कापडात वर चढते आणि जिथे सुकत जाते तिथे आपल्याबरोबर आणलेली माती, तेल, रंग सोडून देते. त्यामुळे डागाची कड मधल्या भागापेक्षा नेहमी गडद असते. इथे पदराचा लाल रंगही सुटला होता आणि त्यातले पांढरे पट्टे गुलाबी पडले होते. गंमत म्हणजे, गंमत हा शब्द मी तेव्हा मनात वापरला होता, घडी उघडल्यावर ती तपकिरी रेघ एकदाच नव्हे, तर प्रत्येक मोडीगणिक पुन्हा पुन्हा उमटलेली दिसत होती. नदीच्या लाटा एकाखाली एक काढाव्यात तशी.

मी त्या रेघेच्या प्रेमातच पडले. साडी रिठ्याच्या पाण्यात हलक्या हाताने धुतली, कुबट वास गेला, सुटी माती गेली, पण रेघ राहिली, याचा मला मनातून आनंद झाला. काकूंनी जाताना "तुम्हाला चांगलं दिसेल तसं करा" असे सांगितले होते. कारागिराला हे वाक्य फार आवडते, आणि त्याचा अर्थ तो आपल्या सोयीने लावतो. फलक दोन फूट बाय तीन फूट ठरला. मांजरपाटाची जमीन, वरच्या बाजूला कशिद्याचा तुकडा, डावीकडे पोस्टकार्ड आणि खाली चौदा इंच पदर, अशी मांडणी केली. पदरावरच्या रेघेला धरून, तिच्या प्रत्येक वळणाबरोबर वळत, मी राखाडी निळ्या दोऱ्याचे दोन पदर घेऊन धावदोऱ्याच्या ओळी घातल्या. एकीखाली एक अशा सतरा ओळी झाल्या आणि त्यांना अकरा दिवस लागले. पोस्टकार्डाची झेरॉक्स काढून ती ॲक्रिलिक मीडियमने कापडावर उलटी चिकटवली, पूर्ण वाळल्यावर पाणी लावून कागद बोटाने चोळून काढला, आणि अक्षरे कापडावर राहिली. (झेरॉक्स आधी आरशातल्यासारखी उलटी करून घ्यावी लागते. पहिल्या वर्षी हे विसरून मी एका आजोबांचे पत्र उलट्या अक्षरांत चिकटवले होते. ते आजही आमच्या कपाटात आहे.)

फेब्रुवारीतल्या ज्या शनिवारची ही हकिकत आहे, त्या दिवशी काम जवळजवळ संपले होते. बटणे लावायची राहिली होती आणि सोमवारी फलक फ्रेमवाल्याकडे द्यायचा होता. त्याच आठवड्यात सासूबाईंनी बाजारातून नवी हळकुंडे आणून दळून घेतली होती. सांगलीत राहून हळदीची तयार पुडी विकत घेणे त्यांना कमीपणाचे वाटते. साडेअकराच्या सुमारास कुकरची तिसरी शिट्टी झाली, दुधाचे पातेले वर यायला लागले, मुलाने आतून "आई, माझी कंपासपेटी कुठे आहे?" असे विचारले आणि मी उठले. तेवढ्यात सासूबाईंनी मिसळणाचा डबा भरायला टेबलाचे मोकळे टोक घेतले. त्यांचा दोष नव्हता. स्वयंपाकघराच्या ओट्यावर भाजी निवडून ठेवलेली होती, आणि टेबल तर घराचेच आहे. मी परत आले तेव्हा हळदीचा चमचा चादरीवर आडवा पडला होता आणि मांजरपाटाच्या उजव्या कोपऱ्यात रुपयाएवढी हळद सांडली होती.

तेवढ्यावर थांबले असते तर कोरडी पूड झटकून निम्मे काम झाले असते. पण पंचवीस वर्षे सुई धरलेली मी, ओला हात पुसण्याचेही भान न ठेवता, ती पूड बोटाने ओढली आणि मग घाबरून त्या जागी कपडे धुण्याची साबणाची वडी चोळली. पिवळा डाग डोळ्यांदेखत रक्तासारखा लाल झाला. हळद अल्कधर्मी, साबणी पाण्यात लाल होते, हे शाळेच्या प्रयोगशाळेत हळदीच्या कागदावर आपण सर्वांनी पाहिलेले असते; पण आपल्याच कामावर ते घडताना शाळा आठवत नाही. सासूबाईंनी न बोलता अर्धे लिंबू कापून हातात दिले. लिंबाचे चार थेंब पडताच लाल पुन्हा पिवळा झाला, पण गेला मात्र नाही. सुती कापडाला हळद तुरटीवाचूनही धरते; म्हणून तर तिने सूत रंगवतात. मात्र हा रंग पाण्याला पुरून उरतो आणि उन्हाला भितो. तेव्हा फलक गच्चीवर न्यायचा, पदर आणि कशिदा जाड काळ्या कापडाने झाकायचा आणि फक्त तो कोपरा उन्हात ठेवायचा, एवढाच उपाय उरला.

गच्चीवर पाटावर फलक पसरून, चार बाजूंना पापडांच्या वेळचे चार दगड ठेवून, मी त्याच्या राखणीला बसले. शेजारच्या घरातल्या सुना सांडगे वाळत घालत होत्या. त्यांना वाटले, मीही काही वाळवण घातले आहे. अशा वेळी, कोणतीही पूर्वसूचना न देता, काकू जिना चढून वर आल्या. वसंत व्याख्यानमालेच्या वर्गणीसाठी शंभरफुटी रस्त्याकडे आल्या होत्या, म्हणून सहज डोकावल्या, असे त्या म्हणाल्या. मी खोटे बोलणार होते. "थोडे ऊन देते आहे" असे वाक्य तोंडात तयारही होते. पण हळदीचा वास आणि माझी पिवळी बोटे यांपुढे ते चालले नसते, म्हणून घडले ते सगळे सांगितले आणि कोपरा नवीन कापडाचा करून देण्याची तयारी दाखवली.

काकू खाली बसल्या, डागाकडे पाहिले आणि हसल्या. "अहो, नव्या वस्त्राला हळदीचं बोट लावल्याशिवाय आपण अंगाला तरी लावतो का? राहू द्या की. एवढं मोठं बोट कुणी लावत नाही, एवढंच." मी सुटकेचा श्वास सोडला आणि आता आपले खरे काम दाखवावे म्हणून मोठ्या हौसेने काळे कापड बाजूला केले.

पदर पाहून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटले, भारावल्या असाव्यात.

"ही पाण्याची रेघ आहे ना?" त्यांनी विचारले. मी होय म्हटले आणि ती का ठेवली, धावदोरा तिच्यामागून कसा जातो, मोडीमोडीवर ती कशी परत येते, हे उत्साहाने सांगायला लागले. त्यांनी मला पूर्ण बोलू दिले. मग म्हणाल्या, "पाणी उतरल्यावर आम्ही घरी आलो तर ही रेघ भिंतीवर होती, माझ्या डोक्याच्या वर. दोनदा रंग दिला. प्रत्येक वेळी आतून परत उमटली. शेवटी गिलावा फोडून नवा केला, तेव्हा गेली. आणि आता ती निळ्या दोऱ्यानं काढून तुम्ही मला पोराच्या नव्या घरात लावायला देणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी एवढेच म्हणू शकले, की मला ती सुंदर वाटली.

"वाटणारच. तुमच्या गल्लीत पाणी आलं नव्हतं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. घरच्या माणसाला सांगावे तसे त्यांनी ते सांगितले, आणि म्हणूनच ते जास्त लागले. 2019 च्या त्या दिवसांत आम्ही कोरड्या घरातून पोळ्यांची पाकिटे करून पाठवत होतो आणि फोनवर पुलाजवळची पातळी पाहत होतो. दुसऱ्याच्या कापडावरचा डाग मला नक्षी वाटला होता आणि माझ्या टेबलावर रुपयाएवढी हळद सांडली तर मी साबण, लिंबू आणि ऊन घेऊन तिच्यामागे लागले होते, ही गोष्ट त्या गच्चीवर, चार दगडांच्या मधोमध, मला अगदी स्पष्ट दिसत होती.

पदर दुमडून रेघ आत घेता येईल, म्हणजे कापावे लागणार नाही, असे मी सुचवले. काकूंनी मान हलवली. आत दुमडलेली असली तरी त्यांना ती तिथे आहे हे ठाऊक असणार होते. "कापा," त्या म्हणाल्या. "आईनं ती रेघ काढलेली नाही. तिनं काढलंय ते ठेवा."

त्या रात्री जेवणे उरकल्यावर टेबल पुसून मी उसवायला बसले. अकरा दिवसांचे काम उसवायला सव्वातीन तास लागले. सुती कापडावरची सुईची भोके वाफ दिली की मिटतात. रेशीम मात्र तसे विसरत नाही. सुईच्या टोकाने आणि नखाने आजूबाजूचे धागे हळूहळू सरकवत भोके बुजवावी लागतात, आणि तरीही उजेडासमोर धरले तर ती दिसतात. साडेदहाला सासूबाई उठून आल्या, दुसरी सुई घेतली आणि समोर बसल्या. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "टाके बारीक घातले होतेस हो." मोठा टाका घालतेस, ही त्यांची माझ्याबद्दलची तक्रार लग्न झाल्यापासूनची आहे, ती मागे घेण्याची वेळ त्यांनी अशी निवडली.

रविवारी मी पदर कापला. चौदा इंचांपैकी रेघेच्या वरचे साडेआठ इंच राहिले. कात्री लावलेल्या कडेला काजाचा टाका घातला, कारण रेशमाचे सूत सुटायला लागले की थांबत नाही. रिकाम्या झालेल्या जागेत नवे काही भरण्याचा मोह आवरला आणि फक्त चांदीची चार बटणे तिथे आडवी लावली. खालची बरीच जमीन मोकळी राहिली आणि उजव्या कोपऱ्यातली फिकट हळद आधीपेक्षा उठून दिसायला लागली. अकरा दिवसांची मजुरी मी धरली नाही; काकूंनी ती बळेच हातात कोंबली, आणि शेवटी निम्म्यावर तडजोड झाली. कापलेली पट्टी परत हवी का, असे विचारले तेव्हा त्यांनी नको म्हटले. ती आमच्या सासूबाईंच्या सध्या चालू असलेल्या वाकळेत, उलट्या बाजूने, बसली आहे.

फलक देताना मी काकूंना बजावले होते, की खिडकीसमोर लावू नका, हळद उजेडाला टिकत नाही. त्यांनी तो बरोबर खिडकीसमोर लावला, कारण दिवाणखान्यात सोफ्याच्या वर दुसरी भिंतच नव्हती. यंदा मे महिन्यात त्यांचा फोन आला. बाकी सगळे छान आहे, येणारेजाणारे विचारतात, पण कोपऱ्यातली हळद पार उडाली, तेवढी परत लावून द्याल का? काच काढावी लागेल, फ्रेमवाला दोनशे रुपये घेईल, असे मी सांगितले.

"घेऊ दे की," काकू म्हणाल्या. "पण या वेळी बोट जरा लहान लावा."