पत्र्याखालचं गणित

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा शाळेचा निरोप आला आणि सगळ्यात आधी आठवला तो पत्र्यावरचा पाऊस. आमची दहावी ‘ब’ मागच्या वाढीव खोलीत भरायची. वर सिमेंटचे पत्रे. एकदा मृग लागला की गणिताच्या सरांचं अक्षरही ऐकू यायचं नाही. पहिले दोन-चार दिवस सर ओरडून बघायचे, मग घसा धरून खडू उचलायचे. पुढचा तास मुक्याने. एक पायरी लिहायची नि वळून आमच्या तोंडांकडे बघायचं. कुणाची भुवई वर गेलेली दिसली की त्याच पायरीच्या दोन पायऱ्या व्हायच्या. शंका असेल त्याने उठून फळ्यावर नेमक्या जागी बोट ठेवायचं. त्रिकोणमिती मी अशी शिकलो.

साल १९९७, गाव रत्नागिरी. साळवी स्टॉप सोडला की घरं तुरळक, आणि शाळेचं मैदान म्हणजे उघडा कातळाचा सडा. खो-खोत सूर मारला की गुडघ्याचं साल जांभ्यावर! (ते व्रण अजून आहेत.) पुढे कोकण रेल्वेच्या स्टेशनमुळे कुवारबावकडचा हा सगळा पट्टा बघता बघता शहरात जमा झाला. आता त्या सड्याच्या कडेने इमारती आहेत.

रेल्वेचं वेड मात्र सरांना आमच्याहून जास्त. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, हे त्यांनी आम्हाला भूगोलाच्या बाईंच्या आधी सांगितलं. पानवलचा पूल ६४ मीटर उंच असल्याचं पेपरात आलं होतं. सर म्हणाले, “पेपरवाल्यांवर विश्वास कशाला? मोजून या.”

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जण सायकली घेऊन निघालो. कंपासपेटीतला कोनमापक, त्याला दोऱ्याने बांधलेला खडा आणि माझ्या घरची विहिरीची दोरी. ती न विचारता नेल्याबद्दल आजीने नंतर जे ऐकवलं ते इथे छापण्यासारखं नाही. पुलाच्या माथ्याशी ४५ अंशांचा उन्नत कोन जुळेपर्यंत काट्याकुट्यांतून मागे मागे सरकलो. तिथून खांबाच्या बुंध्यापर्यंत दोरी टाकली. अंतर भरलं ६१ मीटर, म्हणजे उंचीही तेवढीच. पेपर खोटा ठरला म्हणून आम्ही खूश.

सुट्टीनंतर सरांनी वही बघितली. “कोन डोळ्यातून मोजलास ना? मग जमिनीपासून डोळ्यापर्यंतचा तू कुठे गेलास?”

दीड मीटर मिळवला. साडेबासष्ट.

“आणि उरलेला?”

“जमीन उताराची होती सर.”

“मग उत्तराखाली तेही लिही.”

२६ जानेवारी १९९८ ला झेंडावंदन झालं. त्याच दिवशी कोकण रेल्वेचा सगळा मार्ग खुला झाला, आणि सरांनी फळ्यावर गणिताऐवजी रोह्यापासून मंगळूरपर्यंतची स्टेशनं लिहिली, मधली बरीचशी गाळून. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. कोकणाचं वेगळं विभागीय मंडळ तेव्हा नव्हतं, त्यामुळे आमच्या गुणपत्रिकांवर कोल्हापूर. गणितात किती पडले ते विचारू नये.

गेल्या जुलैत शाळेत जाऊन आलो. पत्रे गेलेत, स्लॅब आहे. बाहेर धो-धो पाऊस, आणि आत बाईंचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ. मी दारात उभा होतो, फळ्याकडे बघत.