आमची वाटचाल : मॅग्नेट भरणारी माणसं

जालन्यात सळईचे कारखाने, म्हणून भंगार. भंगार म्हणून ते उचलायला क्रेनला लटकलेला विजेचा मॅग्नेट. आणि तो जळला की आमचं वर्कशॉप. सुरुवात पंपाच्या मोटरी भरण्यापासून झाली, म्हणजे जळलेली गुंडाळी काढून नवी घालायची. मॅग्नेटच्या मोठ्या कॉइलला, म्हणजे आतल्या तांब्याच्या गुंडाळीला, हात घातला तो आमचे भागीदार चाचा यांच्या भरवशावर. तांब्याच्या पट्टीवर फायबर ग्लासची टेप अर्ध्यावर अर्धी चढवावी ती त्यांनीच. भागीदारीचा कागद कधी झाला नाही, नफा मात्र निम्मा-निम्मा.

बरी वर्षं गेली, त्यांचं काय सांगायचं? सांगायचं ते एका कारखान्याचं. आम्ही भरलेले त्यांचे मॅग्नेट एकामागून एक परत यायला लागले. आमच्याच धंद्यातल्या एका गृहस्थांनी (वाचत असतील तर त्यांना कळेल) 'हे लोक हलका माल घालतात' अशी हवा केली. बिल अडकलं, कामं आटली, तांबंवाल्याने उधारी बंद केली. आम्ही मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून दाखवला, तर म्हणे, मेगर तर सगळेच दाखवतात! तसं त्यात खोटं नव्हतं. मेगर बॉडीपर्यंतचं इन्सुलेशन सांगतो, वेढ्या-वेढ्यातला शॉर्ट त्याला दिसत नाही.

चाचांनी कॉइल उघडली. तापून गेलेली कॉइल सगळीकडून काळी पडते. इथे वार्निश स्वच्छ, आणि लीडजवळच्या (कॉइलला वीज आणणाऱ्या तारेजवळच्या) पहिल्या वेढ्यांत फक्त ज्वारीच्या दाण्याएवढा वितळलेल्या तांब्याचा मणी. चाचा एवढंच म्हणाले, "पॅनेल दाखवा."

मॅग्नेट चालू-बंद करणाऱ्या त्या पॅनेलमध्ये डिस्चार्ज रेझिस्टन्स असतो, बंद केलेल्या कॉइलमधली ऊर्जा जिरवायला. त्याची ग्रिड तुटलेली होती. 220 व्होल्ट डीसीवर 80 अँपिअर घेणारी कॉइल बंद केली की तिच्यात साठलेली ऊर्जा वाट मागते. 8 ओहमची वाट असेल तर व्होल्टेज 640 वर थांबतं. वाटच नसेल तर ते हजारोंत चढतं आणि इन्सुलेशन फोडून जातं. गंमत म्हणजे क्रेनवाला खूश होता! करंट लवकर मरतो, त्यामुळे भंगार पटकन सुटतं. कॉन्टॅक्टरचे (करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) टिप्स मात्र जळून खडबडीत झाले होते, तिकडे कुणी पाहिलंच नाही.

त्या दिवसांत एका शेठनी आमचं काम बंद केलं नाही. उलट आगाऊ पैसे दिले, म्हणाले, "मशीन घ्या, मग कोण बोलतं बघू." त्यातून सर्ज टेस्टर आला, कॉइलला व्होल्टेजचा झटका देऊन वेढ्या-वेढ्यातला शॉर्ट पकडणारं मशीन. स्क्रीनवर दोन लाटा एकमेकींवर नीट बसल्या तर कॉइल चांगली. एक सरकली की कुठेतरी वेढा शॉर्ट. नवीन मुलांना सांगतो, ऑफिसला एसी नंतर बसवा, आधी हे घ्या. आणि मॅग्नेट बसवायला जाल तेव्हा पॅनेलमधला डिस्चार्ज रेझिस्टन्स मीटर लावून मोजा, फोटो काढा, सुपरवायझरची सही घ्या. तोंडी काही ठेवू नका.

त्या कारखान्याने ग्रिड दुसऱ्याच दिवशी बदलली. आमचं बिल अजून 'बघू'वरच आहे.